मदत हवी आहे: डिस्चार्जच्या वेळी गोळ्या कशा समजावून सांगता?

नमस्कार. सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. प्रश्न नर्सेसना, फार्मासिस्टना आणि घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांनाही आहे.

डिस्चार्ज म्हणजे नुसती घाई. बिल झालेलं, रिक्षा उभी, अक्कलकोटची एसटी गाठायची. त्यात मी गोळ्या सांगते, "समजलं का?" विचारते, सगळे "हो सिस्टर" म्हणतात. पुढच्या तपासणीला कळतं, काहीच समजलेलं नव्हतं. पूर्व भागातल्या आज्जी तेलुगू बोलतात, सीमेकडचे कन्नड. बऱ्याच जणांना वाचता येत नाही; "१-०-१" (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) म्हणजे त्यांना नक्षी. मेडिकलवाले पट्टी कापून देतात, नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते. घरात शुगरची गोळी मेटफॉर्मिन जुन्या कंपनीची असते, आम्ही दुसऱ्या कंपनीची देतो, मग दोन्ही पोटात जातात.

सगळ्यात धास्ती मेथोट्रेक्सेटची. संधिवाताला ती आठवड्यातून एकदाच. बाकी गोळ्या रोजच्या, म्हणून हीसुद्धा रोज घेतली जाते. त्यात सोबतची फोलिक अ‍ॅसिड काही कंपन्यांची तशीच बारीक, पिवळी. तोंड सोलवटेपर्यंत, रक्तातल्या पेशी घसरेपर्यंत पत्ता लागत नाही. कार्डावर लाल पेनने "फक्त रविवारी" लिहिते, पण न वाचणाऱ्याला रविवार दाखवू कसा?

आणि उपवास! ग्लिमेपिराइड (हीसुद्धा शुगरची गोळी) चालू असताना निर्जळी एकादशी केली की शुगर उतरणारच. पण "उपवास करू नका" म्हटलं की माणूस पुढचं ऐकतच नाही.

प्रतिसाद १ (फार्मासिस्ट)
"समजलं का" विचारूच नका. "घरी सूनबाईंनी विचारलं, ही गोळी कधी, तर काय सांगाल?" असं विचारा आणि गोळी त्यांच्याच हातात द्या. चुकले तर आपण पुन्हा सांगायचं, रागवायचं नाही. मेथोट्रेक्सेटला त्यांच्या गावच्या बाजाराचा वार धरा, तो कुणी विसरत नाही. डॉक्टरांकडून तोच वार लिहून घ्या, आणि गोळ्या चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. घरातल्या जुन्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा, अर्धे घोळ तिथेच सापडतात.

प्रतिसाद २
वडिलांना आमच्या सिस्टरांनी सांगितलं होतं, "उपवास करा, पण आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची गोळी ठरवून घ्या. घाम सुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात, उपवास गेला तरी चालेल." त्यांनी हे ऐकलं, कारण देवाला नाही म्हटलं नव्हतं. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन.

धागाकर्ती
बाजाराचा वार उद्यापासून सुरू करते. कन्नड आणि तेलुगू चांगली बोलणारं कोणी आहे का? डॉक्टरांनी तपासलेला मजकूर देते, दोन-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग हवंय. सुनेच्या किंवा नातवाच्या मोबाईलवर पाठवून देईन.