नुसता घासलेला पत्रा प्रदर्शनात लावला तर ते काम धरायचं का?

धातूची_पाटी
मी प्रिंटमेकर, पुण्यात. २५ वर्षं तांब्या-जस्ताचे पत्रे घासून त्यांवर एचिंग (आम्लाने रेघा कोरून छापायचं काम) करतोय. पुढच्या महिन्यात आम्हा पाच जणांचं प्रदर्शन आहे, विषय फारसी सूफी काव्य. आठवडाभर हॉल घेतलाय, भाडं पाचांत वाटून. अपेक्षेप्रमाणे दोघांनी गिरक्या घेणारे दरवेश (सूफी फकीर) काढलेत (गणपती म्हटलं की मोदक, तसा रूमी म्हटलं की घेरदार झगा). तिसऱ्याने मसनवीतला (रूमीच्या दीर्घकाव्यातला) अंधारातला हत्ती घेतलाय. हा हत्ती हिंदुस्थानी लोकांनी दाखवायला आणला होता असं मूळ ओळीतच आहे, म्हणजे तेही प्रदर्शनच म्हणायचं. चौथी मैत्रीण फारसी कवी अत्तारचे, आपल्या राजाच्या शोधात निघालेले तीस पक्षी करतेय, ६ बाय ४ फुटांचा कॅनव्हास. त्यांच्या वाटाड्या हुदहुदाचा तुरा जमत नाही म्हणून रोज रात्री फोटो पाठवते.

माझं असं आहे. मसनवीच्या पहिल्या दफ्तरात (भागात) गोष्ट आहे: चिनी आणि रूमी चित्रकारांत चढाओढ लागते. सुलतान समोरासमोरच्या दोन खोल्या देतो. चिनी शंभर रंग मागून घेतात. रूमी दार लावतात आणि भिंत घासत बसतात, बस्स. शेवटी पडदा सरकतो तेव्हा चिन्यांचं चित्र रूमींच्या भिंतीत उतरलेलं असतं, आणि तिथे ते जास्त सुंदर दिसतं.

वाचून मला हसूच आलं. आमच्या धंद्यात घासणं म्हणजे पूर्वतयारी, त्याला कोण विचारतो! म्हणून २ बाय ३ फुटांचा तांब्याचा पत्रा आरशासारखा करून पक्ष्यांच्या समोरच्या भिंतीवर लावायचं ठरवलंय. वर रेघसुद्धा नाही. मैत्रीण भडकलीय: ‘रात्र रात्र जागून पिसं मी काढायची आणि नाव तुझं?’ बाकीचे विचारतात, कॅटलॉगात माध्यम काय लिहायचं, घाम?

तर एक, हे काम धरावं का. आणि दोन, जो खरा प्रश्न आहे: पावसाळी हवेत तांबं आठवडाभर झळझळीत कसं ठेवायचं? लॅकर (पारदर्शक वार्निश) मारून पाहिलं, पत्र्यावर साय धरल्यासारखं दिसतं.

भिंतीवरचा_खिळा
पहिला प्रश्न माझा नाही, मी चित्रं टांगणारा माणूस. पत्र्यावर लाइट मारू नका, डोळे दिपतील आणि दिसणार काहीच नाही. उजेड कॅनव्हासवर टाका, पत्रा जरा अंधारात राहू द्या. एवढा पत्रा नुसता टांगलात तर मध्ये पोट धरेल आणि पक्षी जत्रेतल्या आरशासारखे दिसतील. १८ मिमी प्लायवर चिकटवून घ्या. वॉटर पेपर ४०० पासून २००० पर्यंत, दर खेपेला हात आडवा-उभा बदलत, हे तुम्हाला मी काय सांगणार. मग ब्रासो, मग धुऊन कोरडा करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना लावतात ते. चिंच-मीठ चुकूनही नको. देवघरातल्या तांब्याला ठीक आहे, पत्र्याचा आरसा मात्र जाईल आणि वर लगेच काळवंडेल.

समोर दोरी बांधा. लोक हात लावणारच, आणि घामाची बोटं तांब्यावर कायमची उमटतात.

शिकलगार_मिरज
माझं आडनाव बघा आणि मग ऐका. आजोबा कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे. त्यांच्या आधीचे तलवारी साफ करायचे असं घरात सांगतात. शिकल करणे म्हणजे हत्याराचा गंज काढून चकाकी आणणे, मूळ शब्द ‘सैकल’. म्हणजे तुमच्या गोष्टीतले ते रूमी आमचे धंदेबंधूच झाले की.

दादा, मेणाचं वगैरे ठीक आहे, पण रोज सकाळी हॉल उघडल्यावर तुम्ही तिथेच बसून का घासत नाही? आजोबांच्या चाकाभोवती पोरं जमायची. धार लावून झालेली कात्री बघायला कुणी थांबल्याचं मला आठवत नाही. आणि काम धरावं का म्हणता, तर आमच्याकडे त्याचे पैसे घेतात.

दफ्तर_पहिले
फारसी शिकवत होतो, आता निवृत्त. थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

गोष्टीतले रूमी म्हणजे मौलानांचे, म्हणजे मसनवीच्या कवीचे, शिष्य नव्हेत. रूमचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडचे लोक. मौलाना तिथल्या कोन्यात राहिले, तिथेच १२७३ साली वारले, म्हणून त्यांनाही रूमी म्हणतात. खरी गंमत पुढे आहे. ही गोष्ट त्यांच्या आधी धर्मचिंतक गझालींनी (मृत्यू ११११) सांगितली, आणि तिथे भिंत घासणारे चिनी आहेत, रंगवणारे रूमी! फारसी कवी निजामीकडेही तसंच. मौलानांनी बाजू उलटवल्या. निजामी तर मध्ये पुन्हा पडदा सोडतो आणि घासलेली भिंत कोरी पडते. तेव्हा तुमच्या मैत्रिणीचा राग अगदीच अनाठायी नाही.

मसनवीतले रूमी म्हणतात, या कामाला रंग नको, फक्त जंग (गंज) काढायचा. यमकच ‘रंग’ आणि ‘जंग’ असं आहे. आणि दफ्तराच्या अगदी सुरुवातीला, बासरीच्या ओळी संपता संपता, मौलाना विचारतात: तुझा आरसा काही सांगत का नाही, ठाऊक आहे? त्याच्या तोंडावरचा गंज निघालेला नाही म्हणून. आरसा धातूचा होता हो! काचेचा आरसा डोळ्यापुढे ठेवून शिकवलं की मुलं नुसती माना डोलवायची. वर्गात एक घासलेला आणि एक काळा पडलेला तांब्या नेला, तेव्हा कुठे ओळ कळली. लॅकरचा नाद सोडा असं माझं मत.

मैत्रिणीला एवढंच विचारा, अत्तारची गोष्ट शेवटपर्यंत वाचलीय ना? पक्षी सात दऱ्या ओलांडून आपल्या राजापाशी, सीमुर्गापाशी पोचतात. उरलेले असतात तीस. बघतात तर समोर तेच तीस पक्षी, कारण ‘सी मुर्ग’ म्हणजेच तीस पक्षी. हा दरबार आरसा आहे असं तिथे स्पष्ट सांगितलंय. मग त्यांच्या कॅनव्हाससमोर दुसरं काय लावणार?

धातूची_पाटी
सगळ्यांचे आभार. प्रदर्शनाचा आज चौथा दिवस, तेव्हा हकिगत.

दफ्तर यांचा प्रतिसाद मैत्रिणीला जसाच्या तसा पाठवला होता. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपला कॅनव्हास फूटभर खाली घेतला, पत्र्यात पूर्ण मावावा म्हणून. तांब्यात पक्षी तांबूस होतात आणि हुदहुद उलटीकडे बघतो. तुरा तिथे जमलाय असं तिचं म्हणणं. माध्यमाच्या जागी ‘तांबे आणि समोरचे पक्षी’ असं तिनेच लिहून दिलं.

मेण लावलं नाही. रोज १० ते ११ मी स्टुलावर बसून घासतो, शिकलगार म्हणतात ते खरं आहे, माणसं थांबतात. एकाने घरची समई आणू का विचारलं. एक काकू पत्र्यात बघून पदर सारखा करून गेल्या. दोरी असूनही खालच्या कोपऱ्यात चार बोटं उमटलीच, ती २००० च्या पेपरलाही दाद देत नाहीत.

काल पक्षी विकले गेले. लेबलावर विक्रीची लाल टिकली लावलीय, ती पत्र्यातही दिसते. संध्याकाळपासून तिघांनी माझं अभिनंदन केलंय.