बोरॅक्स लावलेल्या ॲप्रनवर सिलिकॉन दिलं, आणि पेटला की!

महाल_शिलाईवाली
लग्नाच्या कॅटरिंगवाल्यांसाठी सुती ॲप्रन शिवते. मागच्या हंगामात एका आचाऱ्याच्या पोटावरचा कपडा भट्टीने धरला. झटकून विझवला, पण माझ्या डोक्यातून जाईना. पॉलिस्टर नको, वितळून अंगाला चिकटते.

म्हणून 70 ग्रॅम बोरॅक्स, 30 ग्रॅम बोरिक ॲसिड, लिटरभर कोमट पाणी. इतवारीतला मांजरपाट भिजवला, पिळला, वाळवला. गच्चीवर पट्टी चिमट्याला टांगून खालून मेणबत्ती धरली, बारा आकडे मोजले. कोरी पट्टी चिमट्यापर्यंत जळली, ही काळी पडून थांबली. नाचलेच!

मग हाव सुटली. तेल-पाणी झटकलं पाहिजे म्हणून पाण्यात मिसळायचं सिलिकॉन आणून त्याच पट्ट्या बुडवल्या. थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे. पण मेणबत्ती लावली तर कोऱ्या कापडासारखी गेली बावा. काय चुकून राहिलं?

पॅडिंगवाला
ताई, सिलिकॉनला नंतर बोलू. आधी बोरॅक्सचं मीठ कुठे गेलं ते बघा. बोरॅक्स कापसाला बांधलं जात नाही, धाग्यात नुसतं वाळून बसतं. तुम्ही बुडवलं तेव्हा बादलीत उतरलं. काही सिलिकॉन सॉफ्टनर अग्निरोधक कपड्याचा गुण बिघडवतात हेही खरंच.

धुण्यात टिकायचं तर बोरॅक्स नाही, आग रोखणारा फॉस्फरस धाग्यातच अडकवावा लागतो: सेल्युलोजला, म्हणजे कापूस ज्याचा बनतो त्याला, रासायनिक बांधून, किंवा अमोनिया वायू देऊन धाग्याच्या आत न विरघळणारं पॉलिमर तयार करून. पहिल्या रीतीत पॅडिंग (द्रावणात बुडवून रुळांतून पिळणं), वाळवणी, मग 150-170 अंश सेल्सिअसवर क्युअरिंग, म्हणजे तापवून पक्कं करणं. त्यात वापरलेल्या आम्लाने कापड थोडं कमजोर होतं, ते धरूनच चालायचं. पाणी झटकणारं फिनिश साधारण शेवटी, तेही दोघांचं जमतं का तपासून. घरच्या इस्त्रीचं काम नाही हे.

पडदेवाला
आम्ही नाटकाच्या पडद्यांना हेच 7 ला 3 मारतो. बोरॅक्स ज्वाला आवरतं, बोरिक ॲसिड धुमसणं. पडदे धुवत नाही म्हणून चालतं. तुमचं तर मे महिन्याच्या घामातच उतरेल. आणि बोरिक ॲसिड रोज ओल्या कातडीवर नको. युरोपात प्रजननाला घातक म्हणून नोंदलं आहे.

पॅडिंगवाला
आणखी एक. गिरणीतलं पक्कं कापड घेतलं तरी बोअरच्या जड पाण्यात साबणाने धुवू नका. कॅल्शियमचा साबण कापडावर बसतो, तो स्वतःच पेटतो. डिटर्जंट वापरा.

महाल_शिलाईवाली
बादलीचं खरं निघालं. आज एक पट्टी नुसत्या साध्या पाण्यात बुडवून वाळवली, सिलिकॉन नाहीच. तशीच जळली.

नमुन्याला दिलेले चार ॲप्रन परत मागवून राहिली. तीन आले. चौथा आचारी देत नाही, म्हणतो खिसा मोठा आहे.