चिनी ‘राशी’ म्हणावं की ‘घोड्याचं वर्ष’?

प्रश्न

तिसरीच्या मुलांना चिनी नववर्षाबद्दल सांगायचं आहे. वर्तमानपत्रांत सगळीकडे ‘चिनी राशी’ असं छापून येतं. पण रास म्हटलं की मुलं मेष, वृषभ म्हणायला लागतात, आणि ‘मग माझी खरी रास कोणती?’ असं विचारतात. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे का?

उत्तर

‘राशी’ इथे टाळावं, असं माझं ठाम मत आहे. रास म्हणजे क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेचा) तीस अंशांचा भाग. चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत एक रास ओलांडतो, म्हणून एकाच महिन्यात जन्मलेल्या मुलांच्याही राशी वेगळ्या निघतात. चिनी पद्धतीत अख्ख्या वर्षाला एकच प्राणी असतो. त्यामुळे सगळा वर्ग दोन-तीन प्राण्यांत आटपतो. या प्राण्यांचा तारकासमूहांशी काही संबंध नाही. चिनी शब्द आहे ‘शंगश्याव’. शंग म्हणजे जन्म आणि श्याव म्हणजे सारखेपणा.

मुलांना सरळ ‘घोड्याचं वर्ष’, ‘सापाचं वर्ष’ असं सांगा. बाराही मिळून ‘प्राणिवर्षं’ म्हणता येतील. आणि बारा वर्षांच्या फेरीला आपल्याकडे ‘तप’ हा सुंदर शब्द आहेच. २०१४ साली घोडा होता, एक तप उलटलं आणि २०२६ साली तो परत आला, हे मुलांना चटकन कळतं.

क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. उंदीर पहिला का, याची गोष्ट मुलांना फार आवडते. स्वर्गाच्या सम्राटाने प्राण्यांची शर्यत लावली. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला आणि शेवटच्या क्षणी उडी मारून पुढे गेला. मांजर मागे राहिलं, म्हणून उंदीर-मांजराचं वैर. पण व्हिएतनाममध्ये याच चक्रात सशाच्या जागी मांजर आहे आणि बैलाच्या जागी म्हैस. हे मुलांना जरूर सांगा, गोष्टी देशोदेशी बदलतात हे त्यातून दिसतं.

भागाकार शिकलेल्या मुलांसाठी एक कृती. सालाला १२ ने भागा. बाकी ४ उरली तर उंदीर, ५ बैल, असं ११ ला बकरीपर्यंत जा. ० उरली तर माकड, १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर. २०२६ भागिले १२, बाकी १०, म्हणजे घोडा. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी जपून. चिनी वर्ष २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारीच्या दरम्यान केव्हातरी अमावास्येच्या दिवशी सुरू होतं. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला आलं, म्हणून ५ जानेवारी २०२६ ला जन्मलेलं बाळ सापाच्या वर्षातलं. तारीख मागेपुढे का होते, हे अधिक महिन्यावरून समजावता येतं. चिनी पंचांगही आपल्यासारखं चांद्रसौर (महिने चंद्रावरून, वर्ष सूर्यावरून) आहे आणि त्यातही अधिक महिना धरतात.

शंका

तिसरीतली बरीच मुलं २०१७-१८ ची, म्हणजे कोंबडा आणि कुत्रा. दुसरीत डुक्कर. वर्गात चिडवाचिडवी होणार!

उत्तर

म्हणूनच वाक्यरचना महत्त्वाची. ‘तू कुत्रा’ म्हणायचं नाही, ‘तुझा जन्म कुत्र्याच्या वर्षातला’ म्हणायचं. मराठीत ‘कुत्रा’, ‘डुक्कर’ या शिव्या आहेत, चीनमध्ये डुक्कर भरभराटीचं लक्षण मानतात. हा फरक मुलांना आधीच सांगावा.

स्वभाव आणि भविष्य मात्र अजिबात सांगू नये. २०२६ हे ‘अग्नी-घोड्याचं’ वर्ष. असंच मागचं वर्ष होतं १९६६. त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला बाधतात, अशा समजुतीमुळे जपानमध्ये जन्म जवळपास पाव हिश्श्याने घटले. मुलांच्या अंगावर असली लेबलं चिकटवू नयेत.

शंका

‘अग्नी’ कुठून आला? आणि हे साठ वर्षांचं चक्र असेल तर ‘संवत्सर’ म्हणावं का?

उत्तर

बारा प्राण्यांबरोबर दहाची आणखी एक माळ फिरते. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू, जल ही पाच तत्त्वं, प्रत्येक दोन वर्षं. दहा दात्यांचं आणि बारा दात्यांचं अशी दोन चाकं एकमेकांत फिरवा, तेच दोन दाते ६० दाते सरकल्यावरच पुन्हा भेटतात. १० आणि १२ चा लसावि! सालाच्या शेवटच्या अंकावरून तत्त्व कळतं: ४-५ काष्ठ, ६-७ अग्नी, ८-९ पृथ्वी, ०-१ धातू, २-३ जल. हे चक्र १९८४ साली काष्ठ-उंदरापासून नव्याने सुरू झालं, पुढचं २०४४ ला.

‘संवत्सर’ ही तुलना मला अगदी योग्य वाटते. प्रभवपासून क्षयपर्यंत आपली साठ नावं आहेतच. गुढीपाडव्याला पंचांगात जे नाव वाचतात ते यातलंच, शके १९४८ चं ‘पराभव’. साठीशांत का करतात, तेही इथेच उलगडतं: जन्माच्या वेळचं संवत्सर परत येतं. जपानमध्ये याच वयाला ‘कानरेकी’ साजरी करतात, म्हणजे पंचांग फिरून मूळ जागी येणं.

आपली फेरी मात्र १९८७ ला प्रभवने सुरू झाली, चीनच्या तीन वर्षं मागे. आणि ही दोन्ही चक्रं तिबेटमध्ये एकत्र आली आहेत! तिबेटी लोक प्राणी-तत्त्वांची नावं वापरतात, पण फेरी मोजतात अग्नी-सशापासून, इ.स. १०२७ पासून. त्या फेरीचं नाव ‘रबजुंग’, म्हणजे आपल्या ‘प्रभव’चंच शब्दशः भाषांतर. १९८७ ला सतरावी सुरू झाली. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वसाहत आहे, तिकडच्या शाळांत तर हे जरूर सांगावं.

पुरवणी

दोन प्राण्यांच्या नावांबद्दल. चिनी ‘यांग’मध्ये बकरी आणि मेंढी दोन्ही येतात, त्यामुळे कुठलंही लिहिलं तरी चूक नाही. ‘ड्रॅगन’ला कुणी ‘नाग’ सुचवतात. त्याला आधार आहे, बौद्ध ग्रंथांतल्या ‘नागराजा’चं चिनी भाषांतर ‘ड्रॅगनराजा’ असंच झालं. पण लगेच पुढचं वर्ष सापाचं, मुलं गोंधळतील. ड्रॅगनच ठेवा.