होरस, कृष्ण, येशू… सगळे मुळात सूर्यच?

दुर्बीण

डिसेंबर आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. इजिप्तचा देव होरस, इराणी-रोमन देव मिथ्र, कृष्ण, येशू, सगळ्यांचा जन्म २५ डिसेंबरचा, सगळ्यांचे शिष्य बारा. कारण हे सगळे मुळात सूर्य आणि शिष्य म्हणजे बारा राशी. खाली 'सत्य जाणा, पुढे पाठवा'.

मला यातलं जवळपास काहीच पटत नाही. श्रद्धा दुखावली म्हणून नव्हे, हिशेब जुळत नाही म्हणून.

कृष्णाचं बघा, तिथे तर शोधाशोधही नको. गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, भर पावसाळ्यातली, मध्यरात्रीची. वंश चंद्राचा. सूर्यवंशी राम चैत्रात भर दुपारी जन्मला, तर त्याला या यादीत जागाच नाही!

होरसचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. इजिप्तचं वर्ष ३६५ दिवसांचं होतं: ३० दिवसांचे १२ महिने आणि वर ५ जादा दिवस. त्या पाच दिवसांत ओसायरिस, होरस, सेत, आयसिस, नेफ्थिस यांचे वाढदिवस; होरसचा दुसऱ्या दिवशी. लीप वर्ष नाही, त्यामुळे हे वर्ष दर चार वर्षांनी ऋतूंच्या तुलनेत एक दिवस सरकायचं आणि सुमारे १४६० वर्षांनी फेरी पूर्ण करायचं. म्हणजे होरसचा वाढदिवस कधी थंडीत, कधी नाईलच्या पुरात. तो डिसेंबरातल्या उत्तरायणाच्या दिवसाला खिळवणार कसा? शिवाय बारा समान राशींचं चक्र बॅबिलोनियात पक्कं झालं ते इ.स.पू. ५ व्या शतकाच्या सुमारास. दंदेराच्या देवळातलं प्रसिद्ध राशिचक्र (सध्या मुक्काम लूव्हर, पॅरिस) इ.स.पू. ५० च्या आसपासचं. पिरॅमिडच्या भिंतींवर होरसचं नाव त्याच्या कितीतरी आधी, साधारण २३०० वर्षं. राशीच नव्हत्या तर शिष्य कुठले?

रोमन मिथ्र शिल्पांत खडकातून बाहेर येताना दिसतो. तारीख कुठेच दिलेली नाही.

उडाणटप्पू

आमच्या ग्रुपवर हाच फॉरवर्ड 'नासाने मान्य केले' या शीर्षकाने आलाय. जपून.

माजघर

फॉरवर्ड टुकार आहे, मान्य. पण टुकार वकिलाला हरवलंत म्हणून खटला जिंकलात असं होत नाही. येशूला अलगद बाजूला ठेवलंत ते लक्षात आलं बरं का.

२७४ साली सम्राट ऑरेलियनने रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चं देऊळ बांधलं. कॉन्स्टंटाइनने ३२१ साली सूर्याच्या वारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि त्याच्या नाण्यांवर त्याच्या जोडीला सूर्य आहे. व्हॅटिकनखालच्या दफनभूमीत छतावर मोझेक आहे: रथातला, डोक्याभोवती किरण असलेला पुरुष. बहुतेक अभ्यासक तो ख्रिस्तच मानतात. आणि पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनात चक्क वैतागलाय, की लोक सेंट पीटरच्या पायऱ्या चढून जातात आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. हे ख्रिस्ती लोक!

बारा शिष्यांचं म्हणाल तर पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस स्वतः लिहितो की मुख्य पुरोहिताच्या छातीवरची बारा रत्नं म्हणजे बारा महिने समजा, नाहीतर राशिचक्रातल्या बारा राशी. गॅलिलीच्या तळ्याकाठी हमात तिबेरियास इथे चौथ्या शतकातलं ज्यू प्रार्थनागृह आहे. ज्या धर्माला मूर्ती वर्ज्य, त्याच्या प्रार्थनागृहाच्या फरशीवर मधोमध रथात ग्रीक सूर्यदेव हेलिओस आणि भोवती बारा राशी. आता हाही योगायोग का?

दुर्बीण

तुम्ही दिलेला एकही पुरावा मी नाकारत नाही. ते काय सिद्ध करतात एवढंच विचारतो.

'अजिंक्याचा जन्मदिवस, २५ डिसेंबर' हा सर्वांत जुना उल्लेख ३५४ सालच्या एका रोमन दिनदर्शिकेत आहे. त्या दिवशी ३० रथशर्यती, असंही लिहिलंय. गंमत अशी की येशूचा जन्म २५ डिसेंबरचा, हेही त्याच ग्रंथात, दुसऱ्या एका यादीत. कोणी कोणाकडून घेतलं हे त्या ग्रंथावरून ठरत नाही. दुसरा रस्ताही आहे: येशूचा मृत्यू २५ मार्चचा धरायचा, गर्भधारणाही त्याच दिवशी मानायची आणि पुढे नऊ महिने मोजायचे. असा हिशेब जुन्या ख्रिस्ती लेखनात सापडतो.

बारा शिष्यांचं कारण बायबलात, मॅथ्यूच्या शुभवर्तमानातच दिलंय: ते बारा आसनांवर बसून इस्राएलच्या बारा वंशांचा न्याय करतील. जोसेफसने रत्नांचा राशींशी लावलेला अर्थ ग्रीक वाचकांसाठी आहे, रत्नं आधीची. आणि मोझेकच म्हणाल तर बेथ अल्फाच्या ज्यू प्रार्थनागृहाची फरशी जरूर बघा, सहाव्या शतकातली. चार कोपऱ्यांत चार ऋतू आहेत, पण ते शेजारच्या राशींशी जुळतच नाहीत! आकाशाकडे बघून कुणी ही मांडणी केलेली नाही. तोवर राशिचक्र हे फरशीवरचं प्रतिष्ठित नक्षीकाम झालं होतं.

मु_पो_मेलबर्न

इथे २५ डिसेंबरला भर उन्हाळा, सूर्य डोक्यावर. सूर्याचा 'पुनर्जन्म' जूनमध्ये साजरा करायचा का आम्ही?

पंचांगी

राशी बॅबिलोनियाच्या, हे इतकं सहज लिहून मोकळे झालात! ऋग्वेदात (१.१६४) बारा आऱ्यांचं चक्र आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं म्हटलंय, त्यावरून ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी इ.स.पू. ३००० च्या आसपासचा काळ काढला. त्यांचा १८९६ चा ग्रंथ मराठीतच आहे. आपल्याच माणसाचं वाचा जरा.

दुर्बीण

वाचलंय, आणि दीक्षितांबद्दल आदर आहे म्हणूनच सांगतो. कृत्तिका हे नक्षत्र आहे, रास नव्हे. नक्षत्रं आपली जुनी, त्यावर वाद नाही. पण वेदांग ज्योतिषात (आपला कालगणनेचा जुना ग्रंथ) मेष-वृषभ नाहीत आणि जन्मकुंडली तर नाहीच. ऋग्वेदातल्या त्याच ऋचेत चक्रावर ७२० पुत्र बसलेत; ३६० दिवस आणि ३६० रात्री. तेव्हा बारा आरे म्हणजे महिने. बॅबिलोनियात सापडलेली सर्वांत जुनी कुंडली इ.स.पू. ४१० ची आहे, आणि वारही याच ग्रह-राशींच्या ज्योतिषातले; आपल्याकडे वारासकट तारीख देणारा जुना शिलालेख एरणचा, इ.स. ४८४, गुरुवार.

हे ज्योतिष बाहेरून आलं हे मान्य करायला सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराला लाज वाटली नाही. बृहत्संहितेत तो सरळ म्हणतो: 'म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्'. यवन (ग्रीक) म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात.

आणि खरा, पावलं उमटलेला रस्ता बघायचा तर सूर्याच्या मूर्तीचे पाय बघा. कोणार्कचा सूर्य गुडघ्यापर्यंत बूट घालून उभा आहे. कोणत्या देवाला आपण पादत्राणं घालून गाभाऱ्यात उभं केलंय? वराहमिहिर सांगतो, सूर्याला उत्तरेकडचा वेष द्यावा, पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेलं असावं, आणि त्याची प्रतिष्ठा मगांच्या हातून व्हावी. हे मग म्हणजे इराणी पुरोहित, मागी. सांबपुराणातली गोष्ट तीच आहे: कृष्णपुत्र सांबाला कोड झालं, त्याने चंद्रभागेच्या (पंढरपूरची नव्हे, चिनाब) काठी सूर्याचं देऊळ बांधलं, पण पूजेला योग्य ब्राह्मण मिळेनात, म्हणून शाकद्वीपातून मग आणले. मूलस्थान म्हणजे मुलतानचं ते देऊळ सातव्या शतकात ह्युएनत्संगने पाहिलंय. इथे ग्रंथ, मूर्ती आणि प्रवासी तिघेही एकाच वाटेकडे बोट दाखवतात. होरस आणि येशूच्या बाबतीत यातलं काय आहे?

पंचांगी

मगांचं ठीक. पण त्याआधी इथे सूर्य नव्हता असा अर्थ निघू नये. भाज्याच्या लेण्यात विहाराच्या दाराशी रथातली मूर्ती आहे, अनेक अभ्यासक ती सूर्याचीच मानतात, आणि ती वराहमिहिराच्या पाच-सहाशे वर्षं तरी आधीची. रोज गायत्री म्हणणाऱ्याला सूर्य इराणातून आणावा लागत नाही.

मकरसंक्रांतीवर कोणीच बोललं नाही. उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमाराला सुरू होतं आणि आपण तीळगूळ वाटतो १४ जानेवारीला. विवेकानंद जन्मले तेव्हा, १२ जानेवारी १८६३ ला, त्या दिवशी संक्रांत होती. परांचन गतीमुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे) ती साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे जाते. म्हणजे हा सण आता सूर्याच्या वळण्याचा राहिला नाही, ताऱ्यांच्या हिशेबाचा झाला. सायन पंचांगवाले (ताऱ्यांवरून नव्हे, सूर्याच्या वळण्यावरून सण धरणारे) हेच सांगतात तर त्यांना कोणी विचारत नाही.

माजघर

दुर्बीण, माप एकच लावा एवढंच म्हणणं आहे. सांबपुराण म्हणतं मग बाहेरून आले, ते तुम्ही पुरावा म्हणून घेता. पोप म्हणतो आमचे लोक सूर्याला नमस्कार करतात, तर तो किस्सा?

दुर्बीण

किस्सा नाही, पुरावाच. पाचव्या शतकातले रोमन ख्रिस्ती सूर्याला नमस्कार करायचे याचा. येशूची गोष्ट सूर्यावरून रचली याचा नव्हे; त्यासाठी पहिल्या शतकातलं काहीतरी दाखवा.

माजघर

पहिल्या शतकातलं मॅथ्यूच घ्या. तारा बघून पूर्वेकडून आलेले ते ज्ञानी, मूळ ग्रीकमध्ये 'मागी' आहेत. तुमचेच मग, येशूच्या पाळण्यापाशी. बोला.