झांक्यांची नावं पाठ, मिल ठाऊक नाही: पोरांना श्रमाची किंमत कशी कळणार?

रामबागचा_भाचा
अनंत चतुर्दशीला आपण पोरांना घेऊन इंदूरच्या रस्त्यावर रात्रभर जागतो. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण ही मिलची नावं त्यांना तोंडपाठ आहेत, पण झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांची नावं म्हणून! तिथे कापड निघायचं, पाळ्या चालायच्या, भोंग्यावर अख्ख्या वस्त्या उठायच्या, याचा पत्ता नाही. यंदा मंडळाने गणपतीत एक संध्याकाळ मिलमध्ये काम केलेल्या आजोबांना द्यावी. साचा, म्हणजे माग कसा चालायचा, धागा तुटला की काय करायचं, झांकीची वर्गणी कशी जमायची, सगळं बोलू द्या. वक्तृत्व स्पर्धा एक वर्ष नाही झाली तर काही बिघडत नाही.

तिखटजाळ
माझा विरोध. आजोबा बोलतील, पोरं टाळ्या वाजवतील, आपण शाल-श्रीफळ देऊ, संपलं. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी सुटले डिसेंबर २०२३ मध्ये. तीस वर्षांवर! किती जण वाट बघत गेले. हे पोरांपुढे मांडणार असाल तर बोलवा, नुसत्या गोड आठवणी नकोत.

सुदामानगरची_काकू
मिल बंद झाल्या, रोज दारात येतात त्यांचं काय? २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून पोरं मिरवतात. कचरागाडीला सहा कप्पे आहेत, तरी आमच्या मजल्यावरून डायपर ओल्या कचऱ्यात जातात. गाडीवरची ताई ते हाताने उपसून वेगळे काढत होती, तर शेजारचा दहावीतला मुलगा म्हणतो, "तिला पगार मिळतो ना!" हे त्याने घरीच ऐकलं असणार.

उलटा_प्रश्न
यात चूक काय? पगार डॉक्टरलाही मिळतो. १ मेला फुलं देऊन फोटो काढण्यापेक्षा दाम वेळेवर द्या, बास. 'बिचारे' म्हणून केलेलं कौतुक मला जास्त खटकतं.

सुदामानगरची_काकू
डॉक्टरला कुणी असं सुनावत नाही हो, भाऊ. आणि 'बिचारी' मी म्हटलंच नाही. डायपर वेगळ्या पिशवीत टाका, एवढंच म्हणतेय.

रामबागचा_भाचा
@तिखटजाळ, २२४ कोटींचंही सांगू. आजोबांनाच विचारू, त्यांच्या वाट्याला काय आलं ते. शाल रद्द.

तिखटजाळ
मग माझी हरकत नाही, पण एक अट. मांडववाल्याचा हिशोब विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चुकता करायचा, आणि पैसे द्यायला दोन मोठी पोरं पाठवायची. गेल्या वर्षी तो दिवाळीपर्यंत खेटे घालत होता, त्याच्या हाताखालचे मजूर घरी बिनपैशाचे गेले.

खजिनदार_नाइलाजाने
द्यायला पैसे हवेत ना! अर्धी वर्गणी दसऱ्यानंतर येते. तिखटजाळ, तुमची गेल्या वर्षीची पावती अजून माझ्याकडेच पडून आहे. कधी येताय?