रोज बदलणारा दर दाखवायचा असेल, तर स्टॅटिक संकेतस्थळ चालेल का?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर कंपनीची माहिती, गोदामाचा पत्ता आणि सोयाबीन व तुरीचा त्या दिवशीचा खरेदीदर एवढेच द्यायचे आहे. ज्यांच्याकडे चौकशी केली, त्यांनी दर रोज बदलतो म्हणून संकेतस्थळ डायनॅमिकच हवे असे सांगून बराच मोठा खर्च कळवला. हे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर (नांदेड)
नाही. पान केव्हा तयार होते, यावर स्टॅटिक आणि डायनॅमिक हा फरक ठरतो. स्टॅटिक संकेतस्थळाची एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची भाषा) पाने आधीच तयार असतात आणि सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते तो संगणक, मागणाऱ्याला तीच फाइल जशीच्या तशी पाठवतो. सर्न या युरोपातील संशोधन संस्थेतील १९९१ चे पहिले संकेतस्थळ असेच होते. डायनॅमिक संकेतस्थळात मागणी आल्यावर सर्व्हरवर प्रोग्राम चालतो, डेटाबेसमधून (माहितीच्या साठ्यातून) माहिती काढतो आणि त्या वेळी पान रचून देतो. २००३ साली आलेले वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे सॉफ्टवेअर पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांच्या आधारे हेच करते. (सरकती चित्रे दिसली की संकेतस्थळ डायनॅमिक, असे पुष्कळांना वाटते, पण ती हालचाल बहुधा ब्राउझरमध्येच घडते.) आपला दर दिवसातून एकदा बदलतो आणि सर्वांना सारखाच दिसतो, म्हणून रोज सकाळी एक फाइल बदलली तरी पुरे.

उत्तर (परभणी)
तत्त्वतः मान्य, पण ती फाइल रोज बदलणार कोण? मोंढ्यात आवक सुरू असताना आपले व्यवस्थापक एचटीएमएल उघडून बसणार नाहीत, आणि आठवड्यापूर्वीचा दर वाचून कोणी माल घेऊन आला, तर वाद ठरलेलाच. त्यापेक्षा दर मोबाइलवरून गूगल शीटमध्ये (ऑनलाइन तक्त्यात) भरावा आणि ती प्रकाशित करून पानात बसवावी. पान स्टॅटिकच राहते, आकडा मात्र बदलतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढे सभासदांना आपापल्या मालाचे वजन आणि जमा झालेली रक्कम पाहता यावी, असाही विचार आहे.

उत्तर (नांदेड)
त्यासाठी मात्र लॉगिन आणि डेटाबेस लागेल, कारण प्रत्येकाला दिसणारी माहिती वेगळी असेल व ती इतरांपासून सुरक्षितही ठेवावी लागेल. त्याबरोबर सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणे आणि बॅकअप घेणे ही कायमची कामे येतात. खरा वार्षिक खर्च या कामांचाच असतो. तोवर स्टॅटिक संकेतस्थळ सुरू करावे आणि हा भाग पुढे उपडोमेनवर (त्याच पत्त्याच्या उपपत्त्यावर) जोडावा. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मात्र आजच कंपनीच्या नावाने नोंदवून घ्यावे, बनवून देणाऱ्याच्या नावाने नव्हे.