चित्राला टेकून, फ्लॅश मारून पोर्ट्रेट?

पंचवटीकर: काल इथे सल्ला वाचला: "प्रदर्शनात आवडत्या चित्राला टेकून उभे राहा, फ्लॅश मारा, पोर्ट्रेट तयार." डोकंच फिरलं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दालनात परवा हेच चाललं होतं. फ्रेमच्या काचेत पांढरा गोळा, चेहरा पिठासारखा. अहो, तिथले दिवे चित्रासाठी वरून तिरके लावलेले असतात. त्याखाली उभं केलं की कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. माणसाला चित्रापासून दोन-तीन पावलं पुढे घ्या, चेहरा पांढऱ्या भिंतीकडे वळवा. भिंतीवरून परतलेला उजेड गालावर किती मऊ पडतो ते बघा. ५० एमएमची लेन्स, तिचं छिद्र एफ २, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) १६०० ते ३२००. ग्रेन, म्हणजे फोटोत बारीक दाणे, आला तर येऊ द्या.

सिडकोकर: सल्ला माझाच होता. दादा, प्रत्येकाकडे ५० एमएम नसते. मोबाईलवाल्यानं काय करायचं? आणि एका फ्लॅशने चित्राचं काय बिघडतं?

गोदाकाठची: एका फ्लॅशने रंग उडत नाही, मान्य. कागदावरची जलरंगातली कामं संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात, ते वर्षानुवर्षांच्या उजेडामुळे. माझं दुखणं वेगळं आहे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर डिसेंबरात पहाटे बसून चित्र केलं. गारठ्यात कागद वाळेना, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, तीनदा फिसकटला. प्रदर्शनात लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि गेले. एकाने चित्राचाच सरळ फोटो काढला. सहा महिन्यांनी तेच चित्र एका फ्रेमच्या दुकानात कॅनव्हासवर छापलेलं दिसलं. कोपऱ्यातली माझी सही कापून टाकलेली.

सिडकोकर: ताई, ती चोरी झाली. पोर्ट्रेटचा काय संबंध?

कॉलेजरोड: १९५७चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने आहे. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. चित्रकाराची हयात आणि पुढची ६० वर्षं.

गोदाकाठची: कायदा पाठ आहे मला! दुकानदार म्हणाला, "नेटवर मिळालं." कोर्टाच्या चकरा कोण मारणार? तुम्ही?

सिडकोकर: म्हणून आम्ही कॅमेरे घरी ठेवायचे? माझ्या बहिणीचा प्रदर्शनातला फोटो पाहून तिच्या ऑफिसातल्या चौघी आल्या. एकीने चित्र विकत घेतलं. तो फोटो नसता तर त्या आल्या असत्या का?

पंचवटीकर: हे खरं आहे, नाकारत नाही. मोबाईलवाल्यांनी फ्लॅश बंद ठेवावा, काचेसमोर थोडं तिरकं उभं राहावं. वाइड लेन्सने जवळून नाक मोठं येतं, २एक्स झूम वापरा. स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड जुळवा.

गोदाकाठची: आणि माणूस चित्र बघत असताना काढा. माझे वडील माझ्या पहिल्या प्रदर्शनात चष्मा कपाळावर सरकवून सही शोधत होते, तो फोटो कुणी अनोळखी मुलाने काढून दिला. अजून भिंतीवर आहे. फोटोखाली चित्रकाराचं नाव टाका, एवढंच मागते.

सिडकोकर: टाकतो. "टेकून" आणि "फ्लॅश" दोन्ही सल्ल्यातून काढतो. पण फोटो बंदच करा म्हणाल तर ऐकणार नाही.